काळ्या टाळूचा कुत्रा

भिवंडीच्या आसपासच्या गावांत राखणीसाठी पिल्लू निवडायची एक पद्धत आहे. पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचलायचं. केकाटलं तर खाली ठेवायचं, गप्प राहिलं तर अंगठ्यानं तोंड उघडून वर बघायचं. टाळू काळी असली की पिल्लू तिखट निघणार, चोराला गेटच्या आत पाऊल टाकू देणार नाही. गुलाबी टाळूचं म्हणजे कुणाच्याही पायाशी लोळणारं. जनावरांची डॉक्टर म्हणून इतकी वर्षं कुत्र्यांची तोंडं बघून मला यात काडीचंही तथ्य सापडलेलं नाही. गुलाबी टाळूच्या एका कुत्रीनं माझ्या पोटरीचा लचका तोडला होता, त्याची खूण अजून आहे. पण हे लोकांना सांगून उपयोग नसतो. पहिली दोन वर्षं मी वाद घातला, मग सोडून दिलं. लोक पिल्लाचं तोंड उघडून माझ्यासमोर धरायचे आणि मी म्हणायचे, हो, काळी आहे, छान आहे, आता इंजेक्शन घेऊ द्या.

माझा दवाखाना भिवंडीच्या निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत आहे. दोन्ही बाजूंना कापड विणणारे लूम. माझे वडील अशाच एका गाळ्यात ड्युटी करायचे, त्यामुळे तो खडखडाट मला लहानपणापासून अंगवळणी पडलेला. त्याच्यावर आवाज चढवून बोलायची सवय लागली ती कायमची. घरचे म्हणतात, आवाजापेक्षा तुझा रागच मोठा आहे. असेल. दिवसभर मुक्या जनावरांशी प्रेमानं वागायचं तर तो राग कुठेतरी निघायला हवा, आणि जनावरांचे मालक समोरच उभे असतात.

जवळच्या वळ गावचे एक काका कुत्र्याला घेऊन आले तेव्हा मी अशीच कुणावर तरी ओरडत होते. काका पासष्टीच्या आसपासचे, उंच, काटकुळे. त्यांची भातशेती होती त्या जागेवर आता गोडाऊन उभं आहे आणि त्याच गोडाऊनच्या गेटवर ते राखण करतात. याचं त्यांना फार दुःख आहे असं कधी दिसलं नाही. "जागा तीच हाय, फकस्त आता चिखल न्हाय," एवढंच म्हणायचे. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन लांब गेली. सोबतीला हा कुत्रा. आठ वर्षांचा गावठी, तपकिरी, एक कान उभा, एक पडलेला. त्याला नाव नव्हतं. काका जिभेनं 'टक्' असा आवाज काढायचे आणि तो जिथे असेल तिथून यायचा.

रिक्षातून मांडीवर घेऊन आले होते. तोंडाला वास येतो, लाळेत रक्त दिसतं, भाकरी तोंडातून पडते, अशी तक्रार. मी टेबलावर घ्यायला सांगितलं. काकांनी स्वतःच त्याचा जबडा उघडला, आणि मला आजार दाखवायच्या आधी दुसरंच काहीतरी दाखवायला लागले.

"याची टाळू तर पयल्यापासून काळी. सहा पिल्लांतून निवडला व्हता. आन् आता बघा, खालूनपन काळा व्हायला लागलाय. वरीस झालं. ट्रकचे ड्रायव्हर लोक बघाय येतात."

मी टॉर्च मारला. डाव्या बाजूला, खालच्या सुळ्याच्या मागे, हिरडीवर जांभळाएवढी काळी गाठ होती. वरून फुटलेली. त्यातून रक्त पाझरत होतं. शेजारची दाढ बोट लावताच हलली.

"वर्षभर हे वाढतंय आणि तुम्ही आज येताय?" मी म्हणाले. म्हणजे ओरडलेच.

काका बावचळले. "मला वाटलं, उमर झाली तसा जास्ती तिखट व्हतोय. आन् तुमीच बोललात ना डॉक्टरबाय, गावात सुया टोचाय आल्तात तवा. मी तोंड उघडून दावलं तुमाला. तुमी बोललात, चांगली काळी हाय."

ते मला दोष देत नव्हते. दाखला देत होते. डॉक्टरनं पास केलेली टाळू आहे, एवढंच त्यांना सांगायचं होतं.

मला ते शिबिर आठवलं. वळला शाळेच्या पटांगणात, आठेक महिन्यांपूर्वी, रेबीजच्या लसीचं. पन्नास-साठ कुत्री, त्यांना दोऱ्यांनी, ओढण्यांनी, एकाला तर टॉवेलनं बांधून आणलेलं, सगळी एकमेकांवर भुंकतायत, आणि मी उन्हात सुया भरतेय. या काकांचा चेहरा आठवेना. तपकिरी कुत्राही आठवेना. पण कुणीतरी जबडा उघडून धरला होता आणि मी न वाकता, न बघता ते नेहमीचं वाक्य म्हटलं होतं, हे मात्र लख्ख आठवलं, कारण ते वाक्य मी त्या दिवशी दहा वेळा तरी म्हटलं असेल. त्या वेळी ती गाठ मसुरीएवढी असेल. किंवा नुसता डाग असेल. मला माहीत नाही, आणि कधीच कळणार नाही, कारण मी बघितलंच नव्हतं.

गाठीचा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवला.

आठवड्यानं उत्तर आलं. मेलानोमा. कुत्र्याच्या तोंडात होणाऱ्या कॅन्सरपैकी सगळ्यात वाईट जात. तो आधी गळ्याखालच्या लसिकागाठींत उतरतो, मग छातीत. एरवी तोंडातल्या गाठी मला काही नव्या नाहीत. रस्त्यावरच्या कुत्र्यांना एकमेकांपासून लागणारी एक गाठ असते. लघवीच्या जागी होते तशी ती नाकातोंडातही होते, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी फुगते, बघवत नाही. पण आठवड्याला एक इंजेक्शन दिलं की चार-पाच आठवड्यांत अशी विरघळून जाते, की होती कुठे ते शोधावं लागतं. त्या वेळी मला फार हुशार वाटायचं. या काळ्या गाठीपुढे ते इंजेक्शन काही कामाचं नाही. इथे एकच उपाय, जबड्याच्या हाडासकट कापून काढणं. तोही वेळेत केला तर.

आणि खरं सांगायचं तर आजवर असे कुत्रे आले तेव्हा मी काय केलं? मालकाला सांगितलं, आता त्याला आवडेल ते खाऊ घाला, दुखायला लागलं की आणा, झोपवू. माझ्या लेखी तो शहाणपणाचा सल्ला होता. जबडा कापलेला कुत्रा मी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. पुस्तकात फोटो होते, ते बघून पान उलटलं होतं.

या वेळी तो सल्ला माझ्या तोंडून निघेना.

आधी काकांना कल्याणला पाठवून छातीचे एक्स-रे काढून आणले. ते मी दवाखान्याच्या दारात उन्हाकडे धरून बघितले, मग आत नेऊन बघितले, मग फोटो काढून माझ्या कॉलेजच्या सरांना पाठवले. सर आता निवृत्त झालेत, पण आयुष्यभर जनावरांची ऑपरेशनं केलेला माणूस. त्यांचा फोन आला. छाती स्वच्छ आहे. गळ्याखालच्या गाठींत सुई घालून घेतलेला नमुनाही स्वच्छ निघाला. म्हणजे वेळ होती. थोडी, पण होती.

मी काकांना समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. खालच्या जबड्याचा डावा भाग काढावा लागेल. सुळा जाईल, दाढा जातील, खालचं हाड जाईल. तोंड वाकडं दिसेल, जीभ बाहेर लोंबेल, लाळ गळेल. आणि एवढं करूनही तो काळा आजार परत येऊ शकतो, छातीत येऊ शकतो, मी शब्द देत नाही. मी बोलत होते आणि काका कुत्र्याच्या पडलेल्या कानाला चिमटीत धरून हळूहळू चोळत होते.

"म्हंजे ती टाळू न्हाय," ते म्हणाले.

"टाळू वेगळी, काका. हे वेगळं."

मला वाटलं, आता ते शिबिराचं काढणार. मी तयार होते. उत्तरही तयार होतं माझ्याकडे, किती कुत्री होती, किती ऊन होतं. पण त्यांनी वेगळंच विचारलं.

"त्याला भाकर खाता ईल?"

"येईल," मी म्हणाले.

"नक्की? न्हायतर असं करू नका. उपाशी ठिवून जगवाय मला न्हाय जमायचं. तो दोन येळा माझ्यासंगं जेवतो."

"नक्की," मी म्हणाले, आणि मला स्वतःचीच लाज वाटली, कारण मला काय माहीत होतं? काका गेल्याबरोबर मी सरांना फोन लावला. सर, तो खाईल ना? पलीकडून सर हसले. म्हणाले, "खाईल. तू बघशील आणि तुझाच विश्वास बसणार नाही." सरांना वाढवून सांगायची सवय आहे, म्हणून मी ते अर्ध्यावर घेतलं.

सर स्वतः यायला तयार झाले, पण दवाखाना बघून म्हणाले, इथे जमणार नाही. कारण लूम. माझ्या दवाखान्यात सलाइनची बाटली स्टँडवर कायम थरथरत असते, टेबलावर हात ठेवला तर मुंग्या आल्यासारखं वाटतं. मला आता ते जाणवतही नाही. सरांनी टेबलावर पाण्याचा पेला ठेवला आणि पाण्यावर उठणाऱ्या वलयांकडे बोट दाखवलं. "यावर मी हाड कापू?"

शेजारच्या गाळ्याचा मालक दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. माझ्याकडे त्याच्या दोन मांजरी येतात. तो म्हणाला, "मॅडम, जुम्मे को कीजिए ना. उस दिन छुट्टी है, सारी गली बंद. सुई गिरेगी तो सुनाई देगी." इतकी वर्षं मी शुक्रवारी दवाखाना बंद ठेवत आले, कारण गल्लीच बंद असते. हे साधं डोक्यात आलं नव्हतं.

तर शुक्रवारी सकाळी मी माझा दवाखाना पहिल्यांदा ऐकला. भिंतीवरच्या घड्याळाला टिकटिक आहे हे मला त्या दिवशी कळलं. कुत्र्याला भूल चढली, आणि त्याचा श्वास ऐकू यायला लागला. लांबचा, संथ, जरासा घरघरणारा. इतकी वर्षं मी कुत्र्यांचे श्वास छातीच्या हालचालीवरून मोजत होते. मला क्षणभर हातातलं काम सुचेना.

काका बाहेर ओट्यावर बसले होते. त्यांना मी घरी जायला सांगितलं होतं. ते हो म्हणाले आणि तिथेच बसून राहिले.

सरांनी गाठीच्या पुढे-मागे बोट ठेवून अंतर मोजलं. गाठ जिथे संपलेली दिसत होती तिथे ते थांबले नाहीत, तिच्यापुढे चांगल्या दिसणाऱ्या हिरडीतही एक बोट गेले. मला ते चांगलं हाड वाया घालवणं वाटलं आणि मी तसं बोलले. "दिसतं तेवढं तर कुणीही काढेल," सर म्हणाले. "आपण न दिसणारं काढायला बसलोय." न दिसणाऱ्याविषयी बोलायला मी तरी कोण होते!

मग पुढचे दोन तास मी जीभ बाजूला धरून उभी होते. जबड्याच्या हाडाच्या आतून एक रक्तवाहिनी जाते, ती आधी शोधून बांधायची, नाहीतर सगळं रक्तात बुडतं. सरांनी ती शोधली, बांधली, तेव्हा जेमतेम चमचाभर रक्त गेलं असेल. मी अनेक ऑपरेशनं केली आहेत. नसबंदी, मोडलेले पाय, पोटात गेलेले मोजे. हात बरा आहे माझा, असं मला वाटायचं. त्या दिवशी मला कळलं की मी आजवर स्वयंपाक केला होता आणि आज कुणीतरी पुरण वाटताना बघतेय, पाट्यावर, एकही डाळ अख्खी न ठेवता. घाई नाही, थांबणं नाही. हाडाचा तो तुकडा सुटून वर आला तेव्हा त्यात सुळा होता, दाढा होत्या, आणि ती काळी गाठ. सरांनी तो माझ्या हातावर ठेवला. गरम होता. एवढ्या लहान गोष्टीनं एवढा मोठा जीव वेठीला धरला होता याचा मला राग आला, आणि त्याचबरोबर अंगावर काटा आला, की एका जिवंत तोंडाचा एक भाग माझ्या हातात आहे आणि ते तोंड शांतपणे श्वास घेतंय.

गालाची आतली कातडी ओढून सरांनी जखम शिवली. बाहेरून बघितलं तर कुत्रा डाव्या बाजूनं जरा बसका दिसत होता. बस्स, एवढंच.

दुपारी त्याची भूल उतरली. मी काकांना आत बोलावलं होतं. कुत्र्यानं डोळे उघडले, मान उचलली, पडली, परत उचलली. मग त्याची जीभ बाहेर आली, डावीकडून घसरली, कारण तिला तिथे अडवायला आता काही नव्हतं. त्यानं ती आत घेतली. परत बाहेर काढली, आणि या वेळी वर नेऊन स्वतःचं नाक चाटलं.

काकांनी हलकेच 'टक्' केलं. कुत्र्याचा उभा कान हलला.

त्याला मी त्या दिवशी दवाखान्यातच ठेवलं, सलाइन लावून. दुसऱ्या दिवशीसाठी माझी सगळी तयारी होती. पेज केली होती, सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजनं गालात थोडी थोडी सोडायची म्हणून. चार-पाच दिवस असंच भरवावं लागणार, अशी मी मनाची तयारी केली होती. शनिवारी सकाळी काका स्टीलचा डबा घेऊन आले. तांदळाची भाकरी, बोंबलाच्या कालवणात कुस्करून, पार मऊ केलेली. मी ओरडले. काल जबडा कापलाय, काका, आणि तुम्ही भाकरी आणता? टाके तुटतील. डबा बंद करा.

त्यांनी डबा बंद केला. पण वास काही बंद होत नाही. कुत्रा उठला. चार पायांवर उभा राहिला, डगमगला, सलाइनची नळी ताणत पुढे आला आणि डब्याला नाक लावून उभा राहिला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. काकांकडे नाही, माझ्याकडे. शेजारी लूम सुरू झाले होते, सलाइनची बाटली थरथरत होती.

"थोडी," मी म्हणाले. "अगदी बोटभर."

काकांनी बोटभर भाकरी पुढे केली. कुत्र्यानं ती नेहमीसारखी घेतली, सरळ, तोंड खाली करून. ती डाव्या बाजूनं गळून जमिनीवर पडली. त्यानं तिच्याकडे बघितलं. जमिनीवरून जिभेनं उचलली, ती परत पडली. काकांनी तोंड फिरवलं. मला वाटलं, मी या माणसाला खोटं बोलले.

तिसऱ्या वेळी कुत्र्यानं मान उजवीकडे कलती केली. जरा जास्तच, एखादी शंका आल्यासारखी. घास जिभेनं उजव्या गालात ढकलला, उजव्या दाढांवर चावला, आणि मान वर करून गिळला. मग चौथा घास तसाच. पाचवा तसाच. सहाव्याला तर त्यानं आधीच मान कलती केली होती, घासाची वाट बघत.

तीन घास! एवढ्यात त्याला समजलं, की तोंडाची एक बाजू आता नाही आणि दुसरीवर काम भागवायचं. कुणी शिकवलं नाही. त्यानं काल काय होतं आणि आज काय नाही याचा हिशेब मांडला नाही, जे उरलंय ते हाताशी घेतलं आणि जेवायला लागला. मी जनावरांच्या शरीराबद्दल पाच वर्षं शिकले, परीक्षा दिल्या, पाटी लावली. त्या शरीराच्या आत एवढं शहाणपण भरलेलं आहे याची मला कल्पना नव्हती. मला रडू आलं. मी ओट्यावर गेले आणि उगाच शेजारच्या मालकाशी त्याच्या मांजरींबद्दल बोलत उभी राहिले. तो म्हणाला, "क्या हुआ मॅडम?" मी म्हणाले, "खा रहा है." त्याला काय कळायचं ते कळलं. "अल्लाह का करम," तो म्हणाला आणि आत डोकावून बघून आला.

काढलेल्या हाडाचा अहवाल आला. कडा स्वच्छ. म्हणजे सरांनी जिथे कापलं तिथे गाठीचा अंश नव्हता. ते एक बोट अंतर नसतं तर असता. तीन महिन्यांनी एक्स-रे, छाती स्वच्छ. पुढच्या तीन महिन्यांनी परत, स्वच्छ. प्रत्येक वेळी काका कुत्र्याला रिक्षातून घेऊन यायचे, मी त्याचं तोंड उघडून कानाकोपरा बघायचे, गळ्याखाली चाचपायचे. आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, आज ते विचारतील. शिबिरात तुम्ही बघितलं असतं तर? त्यांनी कधीच विचारलं नाही. कांदे आणायचे, एकदा कोलीम, ती अगदी बारीक कोळंबी, आणला, एकदा पडवळ. मी ते घ्यायचे आणि घरी नेऊन शिजवायचे, पण स्वतः खायचे नाही.

शेवटी परत वळला शिबिर लागलं. या वेळी मी आधीच ठरवलं होतं, एकेका कुत्र्याचं तोंड उघडून बघायचं, मग संध्याकाळ होवो. लोक वैतागले, मी त्यांच्यावर ओरडले, ते गप्प बसले. पण काका काही आले नाहीत. काम संपल्यावर मी त्यांच्या गोडाऊनकडे गेले.

गेटच्या आत चार पावलं टाकली असतील, आणि पत्र्याच्या शेडमागून तो आला. जीभ बाहेर लोंबलेली, लाळ उडतेय, अर्धा जबडा नाही, आणि आवाज असा, की शेजारच्या गोडाऊनमधले हमाल बाहेर आले. मी त्याचं हाड हातात धरलेलं होतं, त्याचं तोंड माझ्यासमोर शिवलं गेलं होतं, पेज मी स्वतःच्या हातानं केली होती. त्याला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. मी परवानगीशिवाय आत आले होते. मी बॅग टाकून माल उतरवायच्या चौथऱ्यावर चढले. पन्नाशीच्या बाईनं इतक्या चपळाईनं चढावं हे मलाही नवल होतं. काका येऊन 'टक्' करेपर्यंत तो खाली उभा राहून मला तिथून हलू देत नव्हता.

"सोडत न्हाय कुनाला," काका म्हणाले. त्यांना हसू आवरत नव्हतं. "काल कंपनीचा सायेब आल्ता, त्यालापन तितंच चढवला."

शिबिराला का आला नाहीत म्हटलं, तर सकाळपासून कंटेनर खाली होत होता, गेट सोडता आलं नाही. मी कुत्र्याला सुई तिथेच टोचली. मग त्यांनी चहा केला. आम्ही चौथऱ्यावरच बसलो. कुत्रा काकांच्या पायाशी, माझ्यावर नजर ठेवून. मी कप खाली ठेवला आणि आता बोललेच पाहिजे असं ठरवून बोलले.

"काका, त्या शिबिरात तुम्ही मला याचं तोंड दाखवलंत. मी बघितलंच नव्हतं. रांग मोठी होती म्हणून न बघताच काळी आहे म्हटलं. तेव्हा बघितलं असतं तर कदाचित एवढा जबडा कापावा लागला नसता. हे मला तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं."

काका चहा पीत राहिले. कप रिकामा केला, विसळला, उपडा ठेवला.

"मला ठावं व्हतं," ते म्हणाले. "तुमी वाकल्याच न्हाय, तवाच बघितलं मी."

मी खाली ठेवलेला कप परत उचलला.

"मी तर रोज बघत व्हतो, डॉक्टरबाय. सकाळ-संध्याकाळ. आन् गावभर मिरवत व्हतो. तुमी एकदा चुकलात. मी वरीसभर चुकलो." त्यांनी कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "यानं दोगांनाबी काय म्हटलं न्हाय."

मग त्यांनी जिभेनं आवाज काढला. कुत्रा उठून त्यांच्या गुडघ्यांमध्ये येऊन बसला आणि त्यांनी हात लावायच्या आधीच तोंड वर केलं. काकांनी अंगठ्यानं त्याचा जबडा उघडला, उरलेला, उजवीकडचा, आणि माझ्याकडे वळवून धरला.

"आता बघा," ते म्हणाले. "निवांत बघा. आता मागं रांग न्हाय."

मी चौथऱ्यावरून खाली उतरले, त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले, आणि बघितलं. जिथे हाड नव्हतं तिथे गुलाबी, ओली, अख्खी कातडी होती. मी बराच वेळ बघत राहिले. तो मला हाकलून देणारा कुत्रा, तोंड उघडं ठेवून, हलला नाही.